सहा फुटी लेथ, चार फुटी शाफ्ट

खामगावातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये पाहिलेला प्रसंग सांगतो. एका डाळ मिलचे मालक शाफ्ट करून घ्यायला आले होते. ४० मिलिमीटर जाडीचा ब्राइट बार, लांबी चार फूट, दोन्ही टोकांना बेअरिंग बसेल अशी ३५ मिलिमीटरची पायरी काढायची. समोर सहा फुटी लेथ उभी होती. मालकांचा हिशेब सरळ होता, सहा फुटांत चार फूट सहज बसणार. मिस्त्रींनी बार उचलून पाहिला आणि मान हलवली.

"सहा फुटी हाय म्हणजे सहा फुटाचा जॉब बसते असं नाई, भाऊ. सहा फूट तं हिचा बेड हाय. दोन सेंटरच्या मदात सव्वातीन फूटच भेटते."

मालक बार उचलून निघाले, तर मिस्त्रींनीच त्यांना थांबवलं. त्यांच्या लेथचा स्पिंडल पोकळ होता आणि त्याचं भोक दोन इंचांचं. चाळीसचा बार त्यातून मागच्या बाजूनं आरपार जातो. म्हणजे बार चकमध्ये धरायचा, हवं तेवढं टोक पुढं काढायचं, पायरी काढायची, मग बार उलटा करून दुसरं टोक. मधल्या भागाला हातच लावायचा नाही, कारण तो मुळातच गुळगुळीत आणि मापात आहे. जॉब झाला. फक्त एक गोष्ट मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवली: दोन्ही टोकं एकमेकांच्या अगदी शंभर टक्के रेषेत हवी असतील तर इथं करू नका, कारण बार उलटून धरताना चकमध्ये थोडा फरक पडतो. डाळ मिलच्या रोलरला तेवढा फरक चालतो.

या पाच मिनिटांच्या बोलण्यात या प्रकरणाचा सगळा विषय आला आहे. यंत्राचं नाव एक सांगतं आणि यंत्राला करता काय येतं ते वेगळंच असतं. काय करता येतं याला अटी असतात: जाडी स्पिंडलच्या भोकापेक्षा कमी असेल तर लांबीची मर्यादा उरत नाही, जास्त असेल तर सव्वातीन फुटांवर थांबावं लागतं. आणि जमतं म्हटलं तरी किती अचूक जमतं हा तिसरा प्रश्न राहतोच. मिस्त्रींच्या डोक्यात हे सगळं होतं. लेथवर लावलेल्या कंपनीच्या पट्टीवर यातलं एकही वाक्य नव्हतं. जगभरचे कारखाने आज मिस्त्रींच्या डोक्यातली ही माहिती संगणकाला कळेल अशा रीतीनं लिहून ठेवायची धडपड करत आहेत. अशा नोंदीला यंत्रक्षमतेचं डिजिटल प्रारूप म्हणतात.

एकच वस्तू लाखोंनी बनवायची असेल तर या धडपडीची गरज पडत नाही. हेन्री फोर्डच्या कारखान्यात मॉडेल टी ही एकच मोटार वर्षानुवर्षं निघत होती आणि प्रत्येक यंत्र एकाच कामासाठी घडवलेलं होतं. त्या यंत्राला दुसरं काय येतं हे विचारायचं कुणाला कारणच नव्हतं. १९२७ साली मॉडेल बदलायची वेळ आली तेव्हा मात्र उत्पादन जवळपास सहा महिने बंद ठेवावं लागलं. पुढं जपानमध्ये टोयोटाला कमी संख्येनं पण अनेक प्रकारच्या गाड्या बनवायच्या होत्या. त्यांच्या हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो यांनी १९६९ साली ते काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. ब्रिटनमध्ये त्याच दशकात सिगारेटची यंत्रं बनवणाऱ्या मोलिन्स कंपनीत थिओ विल्यमसन यांनी 'सिस्टम २४' मांडली. संगणकानं चालणारी अनेक यंत्रं, त्यांच्यात पॅलेटवरून फिरणारे जॉब, आणि रात्रभर माणसाशिवाय काम. नावातले २४ म्हणजे दिवसाचे २४ तास. लवचीक उत्पादनव्यवस्थेचा इतिहास बहुतेक ठिकाणी तिथूनच सांगायला सुरुवात होते.

महाराष्ट्रात या कल्पनेचं मोठ्या आकाराचं रूप चाकणला दिसलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथं जीई कंपनीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. विमानाची इंजिनं, रेल्वे, वीज, तेल आणि वायू अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या व्यवसायांचे भाग एकाच छताखाली, शक्य तिथं त्याच यंत्रांवर बनवायचे, असा तो कारखाना. एका धंद्यातली मागणी घटली की तीच यंत्रं दुसऱ्याच्या कामाला लावायची. ऐकायला सोपं वाटतं. पण रेल्वेसाठी घेतलेलं यंत्र पवनचक्कीच्या कामाला चालेल की नाही, हे त्याच्या नावावरून कळत नाही. ते कळायला त्याला काय येतं याची नोंद आधी हवी.

चाकणपर्यंत जायचीही गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यात लवचीक लाइन गावोगावी आहे, फक्त तिला कुणी त्या नावानं हाक मारत नाही. ती म्हणजे डाळ मिल.

आपल्या भागात तूर, मूग, उडीद आणि हरभरा ही चारही कडधान्यं पिकतात आणि एकाच मिलमध्ये, त्याच यंत्रांवर, हंगामाप्रमाणे पाळीपाळीनं त्यांची डाळ होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' विदर्भात पुष्कळ ठिकाणी, बचत गटांकडेही, चालते. रचना साधी आहे. टरफल घासून काढणारा एमरीचा रोलर, त्याभोवती जाळी, खाली चाळण्या, भुसा ओढून नेणारा पंखा आणि मोटर. ती तूर करते, हरभराही करते. मग तिची क्षमता "डाळ करणे" अशी लिहून टाकायची का?

उडीद करून पाहा म्हणजे उत्तर मिळतं. हरभऱ्याचं टरफल दाण्यापासून तुलनेनं सहज सुटतं. तूर, मूग आणि उडीद यांच्या टरफलाखाली डिंकासारखा चिकट थर असतो, त्यानं टरफल दाण्याला घट्ट धरून ठेवलेलं असतं. उडदात हा चिकटपणा फारच. म्हणून तूर आधी रोलरमधून फिरवून तिच्या अंगावर ओरखडे पाडतात, त्यातून आत जाईल असं थोडं तेल चोळतात, रास करून मुरू देतात, पाणी शिंपडतात, उन्हात वाळवतात आणि मग पुन्हा रोलरमध्ये घालतात. एवढं करूनही एका फेरीत काम भागत नाही. घाई केली, ओरखडे खोल पडले, की दाणा फुटतो आणि चुणी वाढते. तुरीच्या दाण्यात टरफलाचा वाटा ढोबळमानानं सात-आठ भागांत एक एवढाच, तरी १०० किलो तुरीतून बऱ्याच मिलमध्ये डाळ मिळते ७० ते ७५ किलो. मधला फरक चुणी आणि भुशात जातो. मिलमालकाचा नफा-तोटा त्या फरकातच आहे, म्हणून कोणता माल कोणत्या यंत्रावर कसा चालवायचा ही माहिती त्याच्या लेखी सोन्याच्या मोलाची असते.

आता ही मिल संगणकाला समजावून सांगायची आहे असं धरा. "रोलर क्रमांक एक, पाच अश्वशक्तीची मोटर" असं लिहून संगणकाला काहीच कळत नाही. मोटर किती ताकदीची हा यंत्राचा गुण झाला, क्षमता नव्हे. क्षमता लिहिताना क्रियापदापासून सुरुवात करावी लागते: टरफल सोडवणे. मग कोणत्या मालाचं? दाण्याचा आकार किती ते किती, आत येताना ओलावा किती टक्के चालेल, आधी तेल-पाणी झालेलं हवं की नको. मग कोणत्या मांडणीत? एमरीचा खरखरीतपणा, रोलरचा वेग, रोलर आणि जाळीतलं अंतर. यातलं अंतर पाना लावून दहा मिनिटांत बदलतं, एमरीचा दगड बदलायला मात्र दिवस जातो. हा फरकही नोंदीत हवा, कारण आज संध्याकाळी तुरीवरून हरभऱ्यावर जाता येईल का हे त्यावर ठरतं. शेवटी निघतं काय? तासाला किती किलो, त्यात किती अखंड, किती फुटलेलं, किती टरफल अंगावर राहिलेलं. एवढं सगळं लिहिलं तर "टरफल सोडवणे" ही एक क्षमता पुरी झाली. त्याच यंत्राच्या खालच्या चाळण्यांची "आकारानुसार वेगळं करणे" ही दुसरी क्षमता, पंख्याची "हलकं उडवून लावणे" ही तिसरी. म्हणजे यंत्र एक आणि क्षमता तीन.

उलटही होतं, आणि माझ्या मते या विषयाचं मर्म त्यातच आहे. तेल-पाणी केलेली तूर वाळवायची असते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी मिलच्या मागं सिमेंटचा ओटा असतो आणि वर बुलढाण्याचं ऊन. ज्याच्याकडे पैसा आहे तो ड्रायर बसवतो. ओटा आणि ड्रायर यांच्यात दिसायला काहीच साम्य नाही. एकाला मोटर नाही, दुसऱ्याला वीज किंवा इंधन लागतं. पण डाळीच्या दृष्टीनं दोघं एकच काम करतात: ओलावा इतक्या टक्क्यांवरून इतक्या टक्क्यांवर आणणे. ही क्षमता एकच आहे. ती पार पाडायच्या रीती दोन. ओट्याला दोन दिवस लागतील आणि आभाळ भरून आलं तर त्याची क्षमता शून्य. ड्रायरला काही तास लागतील आणि वीज गेली तर त्याचीही शून्य. डाळीच्या कृतीत "ओट्यावर वाळवा" असं लिहिलं तर पावसाळ्यात मिल बंद. "ओलावा दहा टक्क्यांवर आणा" असं लिहिलं तर संगणक स्वतः विचारू शकतो की आज हे काम कोण करू शकेल, ओटा की ड्रायर. यंत्राचं नाव काढून तिथं कामाचं वर्णन घातल्याबरोबर लाइन लवचीक होते. मिलमधलं एकही लोखंड हलवावं लागत नाही.

जर्मनीतल्या अभियंत्यांनी या विचाराला रीतसर चौकट दिली. 'इंडस्ट्री ४.०' हा शब्द २०११ च्या हॅनोव्हर प्रदर्शनात लोकांसमोर आला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मंचानं २०२२ मध्ये क्षमता, कौशल्य आणि सेवा असं तीन पायऱ्यांचं प्रारूप मांडलं. क्षमता म्हणजे काय साधायचं ते, कसं साधायचं हे न सांगता. ओलावा दहा टक्क्यांवर आणणे. कौशल्य म्हणजे ते प्रत्यक्ष करून दाखवणारा, चालवता येणारा भाग. ड्रायरच्या कंट्रोलरमधला प्रोग्राम, ज्याला "सुरू हो, साठ अंशांवर चाल, ओलावा उतरला की थांब" असं बाहेरून सांगता येतं. आणि सेवा म्हणजे व्यवहार: क्विंटलला दर किती, कधी करून मिळेल. आपल्याकडचा शेतकरी आपली तूर मिलवर घेऊन जातो आणि मजुरी देऊन डाळ करून आणतो तेव्हा तो नेमकी सेवाच विकत घेत असतो. मिलमालकाचा दरफलक हे सेवेचं वर्णन झालं. त्याच्या मागची क्षमता आणि कौशल्य मात्र फळ्यावर लिहिलेलं नसतं.

ही माहिती कुठं ठेवायची याचंही एक उत्तर आता जगमान्य आहे. प्रत्येक यंत्राला एक डिजिटल कप्पा द्यायचा. त्यात त्याचं नाव, बनवणारा, देखभालीच्या नोंदी, मापं आणि क्षमता ठराविक मांडणीत राहतील, म्हणजे एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला वाचता येईल. इंग्रजीत त्याला ज्या नावानं ओळखतात त्याचा सरळ अर्थ 'मालमत्तेचं प्रशासकीय कवच' असा होतो. त्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आयईसी ६३२७८ या क्रमांकानं २०२३ मध्ये आलं. जड नावाला घाबरायचं कारण नाही. सातबारा जसा शेताबरोबर राहतो, मालक बदलला तरी, तसा हा यंत्राचा सातबारा. यंत्र विकलं तर तोही त्याबरोबर जातो.

मग जुळवणी. एका बाजूला मालाची गरज: वीस क्विंटल उडदाची डाळ, फूट अमुक टक्क्यांच्या आत, शुक्रवारपर्यंत. दुसऱ्या बाजूला यंत्रांच्या क्षमता. संगणक एकेक पायरी घेऊन पाहतो: टरफल सोडवायचं आहे, आत येणारा ओलावा किती हवा, तेवढा ओलावा कोण आणून देईल, तो आधी कुठून येईल. उत्तर नुसतं होय किंवा नाही असं येत नाही. बहुतेकदा ते "होय, पण" असं येतं: होय, पण आधी चाळणी बदला, होय, पण ओट्यावर जागा बुधवारी रिकामी होते. खामगावच्या मिस्त्रींनी दिलेलं उत्तर असंच होतं. "होते, पन दोन्ही टोकं तंतोतंत लायनीत पाहिजे असल तं नाई." चांगलं प्रारूप तेच, जे "पण" नंतरचं वाक्य सांगू शकतं.

रसायनांच्या कारखान्यांत ही शिस्त जुनी आहे. मलकापूरजवळ दसरखेडच्या औद्योगिक वसाहतीत असे कारखाने आहेत. रसायनांचं पुष्कळसं उत्पादन घाणे घातल्यासारखं होतं, ज्याला बॅच म्हणतात. त्याच भांड्यात या आठवड्यात एक रसायन, पुढच्या आठवड्यात दुसरं. १९९५ साली आलेल्या आयएसए-८८ या प्रमाणानं तिथं एक मोठी सुधारणा केली: कृती आणि भांडी वेगळी लिहा. कृतीत लिहायचं की अमुक अंशांपर्यंत तापवणे, ढवळणे, निथळणे. भांड्याच्या नोंदीत लिहायचं की हे दोन हजार लिटरचं, वाफेवर तापतं, आतून काचेचा लेप आहे म्हणून आम्ल चालतं. दोन्हींची गाठ उत्पादनाच्या वेळी बांधायची. घरातली स्वयंपाकाची वही अशीच असते. "मंद आचेवर परतणे" असं लिहिलेलं असतं, चूल की गॅस ते स्वयंपाक करणारी पाहते. आज या दिशेनं पुढं जाऊन एखादं भांडं त्याच्या पाइप-व्हॉल्व्हसकट एक स्वतंत्र मोड्यूल म्हणून कारखान्यात आणलं जातं आणि ते आपल्या क्षमतांची फाइल सोबत घेऊन येतं. नियंत्रण कक्ष ती फाइल वाचून त्याला कामाला लावतो.

साबणाचंही उदाहरण जवळचं आहे. खामगावच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्तान युनिलिव्हरचा कारखाना आहे, तो जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. साबणाची लाइन जगात कुठंही साधारण सारखीच: साबणाच्या शेवया, त्यात रंग-सुगंध मिसळणं, रोलरखाली मळणं, प्लॉडरमधून लांब पट्टी काढणं, कापणं, ठसा मारणं, वेष्टन. वडीचा आकार बदलला की ठशाची डाय, कापण्याची लांबी आणि वेष्टनयंत्राची मांडणी या तिन्ही बदलाव्या लागतात. मळणाऱ्या रोलरला त्याचं काही नसतं. कोणत्या बदलाचा धक्का लाइनमध्ये कुठवर पोहोचतो हे क्षमतेच्या नोंदीवरून आधीच कळलं तर बदलाचा वेळ वाचतो.

आतापर्यंत सांगितलं ते वाचून असं वाटेल की एकदा बसून सगळं लिहून काढलं की झालं. तसं नाही, आणि इथं जिनिंगची मंडळी सगळ्यांत चांगलं शिकवतात.

खामगाव हे कापसाचं जुनं गाव. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा १८७० साली आला तो कापसासाठीच. आजही हंगामात जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये डबल रोलर जिनांच्या रांगा चालू असतात. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या या यंत्रातला रोलर चामड्याच्या चकत्यांचा असतो. त्यावर नागमोडी खाचा असतात, त्या रुईला धरून पात्याखाली ओढतात. चालता चालता खाचा बुजतात, रुई कमी धरली जाते, तासाची निघती घसरते. खाचा पुन्हा पाडल्या की सुधारते. पण दर वेळी चामडं थोडं जातं, रोलरचा व्यास कमी होतो, आणि एक दिवस रोलरच बदलावा लागतो. कापूस ओला आला तर सगळंच मंदावतं, फार सुका आला तर धाग्याला इजा होते. म्हणजे या जिनाची क्षमता "तासाला इतके किलो" अशी एका आकड्यात कधीच नसते. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी, दसऱ्याला एक, होळीला दुसरी. यंत्राजवळ उभा असलेला फिटर आवाजावरून ती ओळखतो. डिजिटल प्रारूप जिवंत ठेवायचं तर त्याला असेच कान लावून द्यावे लागतात: तासाची निघती मोजणारा काटा, मोटर किती विद्युतप्रवाह ओढते ते दाखवणारं मीटर, शेवटच्या वेळी खाचा कधी पाडल्या त्याची नोंद. सहा महिन्यांपूर्वीचा आकडा खरा धरून चालणारं प्रारूप नसलेलं बरं, कारण लोक त्यावर विसंबून शब्द देऊन बसतात.

कारखाना आणि कार्यालय यांच्यातल्या माहितीचं एक प्रमाण आहे, आयएसए-९५. त्यात क्षमतेचे तीन वाटे केले आहेत आणि ते मला फार व्यवहारी वाटतात. एक, आधीच कुणाला तरी शब्द दिलेली, गुंतलेली क्षमता. दोन, मोकळी असलेली. आणि तीन, असूनही हाती न येणारी: यंत्र दुरुस्तीला आहे, चालवणारा रजेवर आहे, वीज नाही. आपल्या भागात तिसरा वाटा नीट मांडल्याशिवाय पहिल्या दोघांना अर्थ येत नाही.

अचूकताही जिनाच्या निघतीसारखीच बदलत जाते. एखाद्या लेथवर ३५ मिलिमीटरची पायरी काढायची, आणि ती माप-फरकाच्या एकूण ०.०५ मिलिमीटरच्या पट्ट्यात बसली पाहिजे असं धरू. तीस-चाळीस नग मोजले आणि त्यांचं प्रमाणित विचलन ०.००६ आलं, तर त्याची सहापट ०.०३६. पट्ट्याला या आकड्यानं भागलं की १.३९ येतं. कारखानदारीत १.३३ च्या वर असलं की लेथ या कामाला भरवशाची मानतात, माप मधोमध राखलं असेल तर. बेड झिजला आणि विचलन ०.०१ वर गेलं की तोच आकडा ०.८३ होतो, आणि मग रोज काही नग भंगारात जाणार हे ठरलेलं. लेथ तीच, नाव तेच, पट्टीवरची अक्षरंही तीच. क्षमता मात्र गेली. मोटारींचे भाग बनवणाऱ्यांकडे हा आकडा ग्राहक मागतो म्हणून मोजला जातो. लहान वर्कशॉपमध्ये तो मोजायला मायक्रोमीटर, एक वही आणि अर्धा दिवस पुरतो.

शब्दांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. ड्रिल मारणे, बोर करणे, रीमर फिरवणे: तिन्हींतून भोकच मिळतं, पण वेगवेगळ्या अचूकतेचं. एकानं नोंदीत नुसतं "भोक पाडणे" लिहिलं आणि दुसऱ्यानं "बोरिंग" शोधलं तर संगणकाला दोघांची गाठ घालता येणार नाही. त्यासाठी सगळ्यांना मान्य अशी शब्दांची उतरंड लागते. जर्मनीच्या डीआयएन ८५८० या प्रमाणात निर्मितीच्या क्रियांचे सहा मूळ गट आहेत: ओतून आकार आणणं, दाबून-वाकवून आकार बदलणं, कापून वेगळं करणं, जोडणं, लेप देणं आणि पदार्थाचे गुण बदलणं. लोखंडाच्या कामाला ही यादी उत्तम पुरते. पण "टरफल सोडवणे" आणि "मुरू देणे" यांना त्यात नेमकी जागा सापडत नाही. डाळ, कापूस या आपल्या धंद्यांची उतरंड आपल्यालाच लिहावी लागणार आहे. "ओरखडे पाडणे" ही स्वतंत्र क्षमता आहे आणि ती "टरफल काढणे" च्या आधी येते, हे बर्लिनमधल्या समितीला कुठून कळणार? ते खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या मिलमध्ये काम करणाऱ्याला कळतं.

म्हणून या प्रकरणाच्या शेवटी विनंती आहे, शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आणि जिल्ह्यातल्या आयटीआय-पॉलिटेक्निकमधल्या मुलामुलींना. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कुठून आणायचा हा प्रश्न दर वर्षी येतो. तुमच्या गावातल्या एका डाळ मिलमध्ये, जिनिंगमध्ये किंवा लेथच्या वर्कशॉपमध्ये जा. एक यंत्र निवडा. त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दुसऱ्या पानापासून फक्त क्रियापदं लिहा. हे यंत्र काय काय करतं, कशावर करतं, कोणत्या अटीवर, किती वेळात, किती अचूक, आणि मांडणी बदलायला किती वेळ. ते चालवणाऱ्या माणसाशेजारी दोन दिवस उभे राहा आणि तो "होते, पन" म्हणाला की "पन" च्या पुढचं शब्द न गाळता उतरवून घ्या. त्याची संगणकातली मांडणी नंतर शिकता येते, त्यासाठी प्रमाणं आहेत, मोफत सॉफ्टवेअरही आहे. आवाजावरून जिनाची निघती सांगणारे फिटर आज साठीच्या घरात आहेत. तेवढं काम त्यांच्या निवृत्तीच्या आधी व्हायला हवं.